दोन मिनिटांनी पंखा बंद, जमिनीवर सगळं ठीक: समुद्राकाठच्या ईडीएफ जेटचा चिवट बिघाड

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की वेगळं ते लगेच कळेल. ईडीएफ जेट, म्हणजे नळीत बसवलेल्या विजेच्या पंख्यावर उडणारं रिमोटचं मॉडेल विमान, उचललं, दोन मिनिटं झकास उडालं. मग एखाद्या वळणात किंवा वर चढताना पूर्ण थ्रॉटल (पंख्याची सगळी ताकद) दिला आणि पंख्याचा आवाज एका क्षणात गेला. एलेव्हेटर, एलेरॉन, म्हणजे शेपटीच्या आणि पंखांच्या हलत्या पट्ट्या, हातात आहेत. थ्रॉटलची काडी तळाला आणून पुन्हा वर नेली की पंखा फिरतो, पण पाच-सात सेकंदांत परत गप्प. कसंबसं उतरवून बॅटरी मोजावी तर निम्मी शिल्लक. घरी टेबलावर लावून बघावं तर पंखा खणखणीत. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

माझ्या विमानाला डिसेंबर ते फेब्रुवारी हे चार वेळा झालं. तिसऱ्या वेळी विमान सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) कडेला करवंदीच्या जाळीत गेलं आणि नाकाचे तीन तुकडे झाले. चौथ्या वेळेनंतर मी ठरवलं की कारण सापडेपर्यंत उडवायचं नाही. कारण सापडलं, दुरुस्तीही झाली, आणि त्यानंतरच्या २३ उड्डाणांत पंखा एकदाही थांबलेला नाही. रत्नागिरीपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत किंवा वर अलिबाग-मुरुडकडे जे कोणी इलेक्ट्रिक जेट उडवतात, त्यांच्याकडे हा बिघाड कधी ना कधी येणारच, म्हणून सगळं तपशिलात लिहितो आहे.

विमान म्हणजे ६ मिमी डेप्रॉनमधून (फोमच्या पातळ शीटमधून) घरी कापून केलेलं किरण. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं मूळ किरण, हवाई दलाचं प्रशिक्षण जेट, १९६४ साली पहिल्यांदा उडालं, आणि १९९६ मध्ये उभ्या राहिलेल्या सूर्यकिरण पथकानं त्याच्यावर वर्षानुवर्षं कसरती केल्या. पहिलं जेट करणाऱ्याला मी हेच सुचवतो. पंख सरळ आणि जाड, दोन्ही बाजूंना हवा आत घेणारे मोकळे इनटेक, वेग कमी झाला तरी एकदम पडत नाही. माझ्यात १२ पात्यांचा ७० मिमी पंखा, ४एस (चार सेलची) ३३०० एमएएच लिपो बॅटरी आणि मोटरचा वेग सांभाळणारा ८० अँपिअरचा ईएससी आहे. बॅटरीसकट वजन १६५० ग्रॅम. पूर्ण थ्रॉटलला वॉटमीटर ६८ अँपिअर दाखवतो, उड्डाणात सरासरी ४५ धरतो, म्हणून टायमर साडेतीन मिनिटांचा. तेवढ्यात बॅटरीचा सुमारे ८० टक्के भाग वापरला जातो. पंखा बंद पडायचा तो दोन ते सव्वादोन मिनिटांच्या मध्ये.

आधी बिघाडाची जात ओळखा

पंखा थांबला तेव्हा कंट्रोल हातात होते का? सगळं या एका प्रश्नावर आहे, आणि घाबरलेल्या माणसाला त्याचं उत्तर आठवत नाही. म्हणून शेजारी उभ्या असलेल्याला आधीच सांगून ठेवा: आवाज गेला की शेपटीकडे बघ, मी काडी ओढतो, एलेव्हेटरला विमान ऐकतं का सांग.

क्षणभर का होईना, सगळंच थिजलं असेल, तर पुढचं वाचण्याआधी रिसीव्हर बघा. आपण फेलसेफमध्ये, म्हणजे सिग्नल तुटल्यावर लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये, थ्रॉटल शून्यावर ठेवतो आणि तो तसाच हवा, पण त्यामुळे सिग्नल तुटला तरी पंखा थांबतो आणि मोटरचाच दोष वाटतो. २.४ गिगाहर्ट्झच्या अँटेनाचं शेवटचं उघडं टोक सुमारे ३१ मिमी असतं. ते कार्बनच्या दांडीला किंवा बॅटरीला चिकटलेलं नको, आणि दोन अँटेना असतील तर एकमेकींना काटकोनात हव्यात. दुसरी शक्यता बीईसीची, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज पुरवणाऱ्या ईएससीतल्या भागाची. मूळ विमानात चार सर्व्हो (कंट्रोल हलवणाऱ्या छोट्या मोटर) असतात, मग आपण रिट्रॅक्ट (आत जाणारी चाकं) बसवतो, फ्लॅप जोडतो, आणि बीईसी मात्र तोच ३ अँपिअरचा राहतो. चाकं आत जाताना व्होल्टेज कोसळतं आणि रिसीव्हर डोळे मिटतो. तिथे वेगळा यूबीईसी (सुटा बीईसी) लावा, विषय संपला.

पंखा बंद पडण्याआधी कर्कश किंचाळला, अडखळला, तर मोटर आणि ईएससी यांचं लयीत चालणं बिघडलं आहे. मोटरच्या तीन तारांचे गोल बुलेट कनेक्टर सैल झालेत का ते बघा, ईएससीच्या सेटिंगमधलं टायमिंग मध्यम ठेवा आणि काडी झटक्यात वर नेऊ नका. ताकद हळूहळू ओसरत गेली आणि उतरल्यावर ईएससीला बोट लावता येत नसेल, तर तो तापून स्वतःला आवरतो आहे. बहुतेक ईएससी साधारण ११० अंशांना असं करतात, आणि निवेपर्यंत पूर्ववत होत नाहीत.

पण कंट्रोल जिवंत, पंखा स्वच्छपणे बंद, आणि काडी तळाला नेताच पुन्हा चालू, असं असेल तर तो ईएससीचा लो-व्होल्टेज कट-ऑफ आहे. ईएससीला वाटलं बॅटरी संपली, म्हणून त्यानं मोटर तोडली आणि उरलेली वीज सर्व्होसाठी राखली. इथून पुढे फक्त याबद्दल.

मी कुठे कुठे चुकीच्या वाटेनं गेलो

बॅटरी जुनी झाली, हे पहिलं उत्तर सगळेच देतात. चार्जरवर प्रत्येक सेलचा अंतर्गत रेझिस्टन्स मोजला तर ४ मिलिओहमच्या आसपास आला, म्हणजे बॅटरी बरी होती. तरी मित्राची कोरी बॅटरी मागून आणली. तिच्यावर पंखा दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी बंद पडला. थोडा उशिरा, पण पडलाच. त्या तीस सेकंदांच्या फरकात उत्तर होतं, मला ते तेव्हा दिसलं नाही. मग ईएससी बदलला. फरक शून्य. मग पोटाखाली हवेची खाच कापली आणि ईएससीची उष्णता सोडणारी पट्टी डक्टच्या (पंख्याच्या नळीच्या) वाऱ्यात आणली. याचा फायदा झाला, ईएससी आता कोमट राहतो, पण पंखा थांबायचा तो थांबलाच.

सगळ्यात गोंधळात टाकत होता तो बॅटरीचा अलार्म. बॅलन्स वायरीला (बॅटरीच्या प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक वायरीला) लावलेला छोटा भोंगा मी ३.४ व्होल्टला ठेवला होता. पंखा बंद झाला तरी तो एकदाही वाजला नाही. एकाच बॅटरीबद्दल ईएससी म्हणतो संपली, भोंगा म्हणतो भरपूर आहे. दोघांपैकी एक खोटं बोलतो आहे असं मी धरून बसलो होतो. दोघंही खरं बोलत होते.

कट-ऑफच बंद करून टाक, असा सल्लाही मिळाला. तो मी पाळला नाही, आणि तुम्हीही पाळू नका. पुढचा हिशोब वाचला की कारण कळेल.

मिरकरवाड्यावर काय बघितलं

उत्तर विमानवाल्यांकडून नाही, बंदरावरून मिळालं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मच्छीमार बोटींची वायरिंग करणारे एक काका आहेत, आमच्या घरचा इन्व्हर्टरही त्यांनीच बसवला. मी डिस्टिल्ड वॉटर घ्यायला गेलो तेव्हा ते एका ट्रॉलरच्या नेव्हिगेशन दिव्याची वायर बदलत होते. तांडेलाचं (बोटीच्या म्होरक्याचं) म्हणणं, दिवा मिणमिणतो, बॅटरी तर नवी आहे. काकांनी मीटर लावला, दिव्याच्या टोकाला बारा व्होल्ट सात. मी म्हटलं, व्होल्टेज तर येतंय.

"अरे, दिवा काढून मापलं तर येणारच," ते म्हणाले. "दिवा लाव नि मग माप."

दिवा जोडला आणि मीटर नऊच्या खाली उतरला. त्यांनी वायर पकडीनं तोडली आणि सुरीनं सोलून माझ्यासमोर धरली. वरचं आवरण लाल, गुळगुळीत, नव्यासारखं. आत तांब्याच्या तारा काळ्या ठिक्कर, नखानं खरवडल्या तर काळी पूड बोटाला लागली. वीतभर सोललं तरी काळंच. टोकाच्या जोडातून खारा ओलावा आत शिरतो आणि बारीक तारांच्या फटींतून चढत जातो, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसा, असं त्यांनी सांगितलं. मी तिथून थेट घरी आलो आणि विमानाचं पोट उघडलं.

आकडे मांडून बघा

पंखा बंद पडतो त्या क्षणी काय घडत होतं ते असं. ईएससीचा कट-ऑफ ३.२ व्होल्ट प्रति सेल, चार सेलचे १२.८. दोन मिनिटांनी बॅटरी निम्मी, विश्रांतीतलं व्होल्टेज १५.२ च्या जवळपास. ६८ अँपिअर ओढले की बॅटरीच्या आतल्या १६ मिलिओहममध्ये १.१ व्होल्ट जातात, उरले १४.१. म्हणजे सेलमागे ३.५ व्होल्ट. भोंगा बॅलन्स वायरीवर बसलेला, तो थेट सेल मोजतो, त्याला हेच ३.५ दिसतात आणि तो गप्प राहतो.

पण वीज ईएससीपर्यंत जाते ती मुख्य कनेक्टरमधून, जाड तारांतून, सोल्डरच्या डागांमधून. त्या वाटेत १.३ व्होल्ट गेले तर ईएससीच्या हाती १२.८ पडतात, आणि तो मोटर तोडतो. भोंगा कनेक्टरच्या अलीकडे, ईएससी पलीकडे. दोघांची साक्ष वेगळी, कारण चोर मधे बसला आहे.

कोऱ्या बॅटरीवर तीस सेकंद जास्त का मिळाली, तेही इथेच कळतं. तिचं व्होल्टेज लोडखाली जरा वर राहतं, म्हणून १२.८ ची रेघ जरा उशिरा ओलांडली जाते. नवी बॅटरी घेऊन बिघाड "बरा" झालेले जे मित्र आहेत, त्यांनी या ओळीवर विचार करावा. तो बरा झालेला नाही, पुढे ढकलला गेला आहे.

आता ते १.३ व्होल्ट ६८ अँपिअरनं गुणा. ८८ वॉट. सोल्डरिंगच्या चांगल्या दणकट इस्त्रीएवढी उष्णता फोमच्या पोटात, लिपोला चिकटून. कट-ऑफ बंद केला असता तर पंखा चालत राहिला असता आणि कनेक्टर वितळला असता. माझ्या एक्सटी-६० कनेक्टरची पिवळी कड तपकिरी झालेलीच होती, ती मी जुनेपणा समजत होतो.

चाचणी: पंखा फिरत असताना मोजायचं

साधा मल्टिमीटर पुरतो, २ व्होल्टच्या डीसी रेंजवर. नुसता ओहमवर लावून कनेक्टर मोजू नका. साध्या मीटरला मिलिओहम दिसत नाहीत, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्यापेक्षा मोठा असतो. लोडखाली किती व्होल्ट गळतात तेवढंच बघायचं.

विमान मागून बांधा. मी अंगणातल्या माडाला जाड दोरी बांधतो आणि ती पंखांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंनी घेतो. जेट पुढे ओढतं, म्हणून शेपटीला बांधलं तर शेपटीच निघून येईल. जमीन झाडून पाण्यानं शिंपडून घ्या. जांभ्याचा बारीक खडा इनटेकमध्ये गेला की पात्याचं टोक गेलंच. पोरंटोरं, कुत्री, सगळे लांब. पंख्याच्या मागे आणि पुढे कोणीही नको, मोजणारा बाजूला बसतो.

कनेक्टरच्या दोन्ही बाजूंच्या डागांवर हीटश्रिंकमधून (तापवल्यावर आक्रसणाऱ्या नळीतून) एकेक टाचणी टोचा. प्लस तारेवर बॅटरीच्या बाजूला एक, ईएससीच्या बाजूला एक. मीटरच्या दोन काड्या या दोन टाचण्यांना. मायनसची पाळी नंतर, टाचण्या काढून. प्लसवर आणि मायनसवर एकाच वेळी टाचण्या ठेवू नका, त्या एकमेकींना चिकटल्या तर लिपो थेट शॉर्ट होईल.

वॉटमीटर ४० अँपिअर दाखवेल इतकाच थ्रॉटल द्या आणि तिथेच थांबा. निरोगी जोडावर मीटर १५-२० मिलिव्होल्टच्या पुढे जात नाही. माझ्या प्लस बाजूला ०.०९ व्होल्ट आले. मायनसला ०.३८. आणि मी थांबून बघत राहिलो, तर पंचवीस सेकंदांत ते ०.५२ झाले. कनेक्टर तापतो, तापला की जास्त अडवतो, जास्त अडवला की आणखी तापतो. म्हणून टेबलावर पाच सेकंद पंखा फिरवून "ठीक आहे" म्हणण्याला अर्थ नाही, किमान अर्धा मिनिट हवा.

कनेक्टर झाला की तारांची पाळी. एक टाचणी कनेक्टरच्या डागाशी, दुसरी ईएससीच्या सर्किटच्या पाटीजवळ. १२ गेज सिलिकॉन वायरीचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे ५ मिलिओहम असतो, म्हणजे ३० सेंटिमीटर तारेत ४० अँपिअरला साठ-पासष्ट मिलिव्होल्ट दिसायला हरकत नाही. त्याच्या दुपटीवर गेलं तर तार आतून काळी आहे.

हे आपल्याकडेच इतकं का

डिसेंबरात मी तीन संध्याकाळी ओहोटीच्या वेळी भाट्याच्या किनाऱ्यावर उडवलं होतं. ओली वाळू टणक आणि सपाट, जेटला याहून चांगली धावपट्टी नाही. पण बॅटरी बदलताना कनेक्टर वाळूवर टेकला, बोटं ओली होती, आणि उतरताना डक्टनं बारीक खारे तुषार ओढून घेतले. घरी आल्यावर विमान ओल्या फडक्यानं पुसलं, कनेक्टर कोण पुसतं?

मीठ एकदा बसलं की ते नुसतं बसून राहत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, आई त्यात तांदळाचे दाणे टाकते, तोच प्रकार. कोकणात ७५ टक्के म्हणजे रोजची पहाट, आणि पावसाळ्याचे चार महिने तर दिवसरात्र. म्हणजे विमान कपाटात पडून असतानाही कनेक्टरच्या आत खाऱ्या पाण्याची पातळ साय असते. पिनेवरचं सोनेरी पाणी शेकडो वेळा लावून-काढून झिजलेलं, खाली पितळ उघडं. तिथे हिरवट-काळा थर धरतो. पुण्याच्या मित्रांचे हेच कनेक्टर पाच-पाच वर्षं चालतात. त्यांच्या अनुभवावरून आपण आपला हिशोब करायचा नाही.

दुरुस्ती

कनेक्टर घासून चालेल का? बाहेरून चमकतो, आतल्या स्प्रिंगच्या फटीतला थर जात नाही. मी दोन्ही बाजूंचे कनेक्टर फेकले आणि एक्सटी-९० घेतले. ६८ अँपिअरला एक्सटी-६० नवा असतानाही काठावरच होता, हे मान्य करायला हवं. मोठा पंखा बसवताना मी मोटर, ईएससी, बॅटरी तिन्ही मोठे घेतले आणि कनेक्टर जुन्या ६४ मिमी पंख्याचाच ठेवला. बदल करताना विजेची सगळी वाट एकदम बघायची असते.

तार मागे कापत जा, चकचकीत गुलाबी तांबं दिसेपर्यंत. बॅटरीच्या बाजूला मला २ सेंटिमीटर कापावे लागले, ईएससीच्या मायनसला ११. काळ्या तारेवर सोल्डर धरत नाही, वरवर गोळा बसतो आणि आत पोकळ राहतो. ८० ते १०० वॉटची इस्त्री घ्या, टोक रुंद. रोझिन फ्लक्सच वापरा. भांड्यांना डाग देणाऱ्याकडचा ॲसिडचा फ्लक्स पटकन धरतो, पण मागे राहून तांबं खात बसतो. सोल्डर करताना नर-मादी कनेक्टर एकमेकांत अडकवून ठेवा, नाहीतर तापलेल्या प्लास्टिकात पिन तिरपी होते. लिपोच्या तारा एका वेळी एकच सोला. एक झाकली की मग दुसरी.

वरून आतल्या बाजूला गोंद असलेली हीटश्रिंक चढवा, बोटीवर वापरतात ती. तापवली की दोन्ही टोकांना गोंदाचं कडं बाहेर डोकावतं, तेवढं दिसलं म्हणजे ओलावा आत चढायची वाट बंद.

नंतर तीच चाचणी. ४० अँपिअरला प्लस १३ मिलिव्होल्ट, मायनस १४. अर्धा मिनिट धरूनही दोन्ही आकडे जागचे हलले नाहीत.

तार आखूड पडली तेव्हा

११ सेंटिमीटर कापल्यावर ईएससीची तार बॅटरीपर्यंत पोचेना. इथे सगळे जी चूक करतात ती करू नका, बॅटरी आणि ईएससी यांच्यामधली तार वाढवू नका. ईएससी वीज धक्क्याधक्क्यांनी ओढतो. तार जितकी लांब तितके व्होल्टेजचे उसळे मोठे, आणि ते सोसतात ईएससीवरचे कपॅसिटर. ते तापतात, फुगतात, आणि एक दिवस ईएससी जळतो. वाढवायलाच लागली तर दर १० सेंटिमीटरला सुमारे २२० मायक्रोफॅरडचा कमी ईएसआरचा (आतला अडथळा कमी असलेला) कपॅसिटर ईएससीजवळ जोडायचा, असा हिशोब धरतात.

त्यापेक्षा ईएससी पुढे आणा आणि मोटरच्या तीन तारा वाढवा, तिन्ही सारख्या. मी ईएससी १५ सेंटिमीटर पुढे, बॅटरीच्या मागच्या भिंतीशी आणला. त्यानं गुरुत्वमध्य हलतो, तो परत आणायचा. ईएससी ६० ग्रॅम, १५ सेंटिमीटर पुढे, म्हणजे ९००. बॅटरी ३३० ग्रॅम. ९०० भागिले ३३०, बॅटरी २.७ सेंटिमीटर मागे. मग बोटांवर तोलून खात्री केली, मूळ खुणेवरच विमान सपाट राहिलं. हिशोब न करता पहिलं उड्डाण घेतलं असतं तर नाक जड झालेलं विमान सड्यावर ओढून धरावं लागलं असतं.

नाकाची दुरुस्ती करताना डक्टही मोजून घेतला. ७० मिमी पंखा, मधला गोळा ३० मिमी, म्हणजे हवा ढकलणारं क्षेत्र सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर. मागचं तोंड त्याच्या ८५ ते ९० टक्के हवं, व्यासात ५८ ते ६० मिमी. माझं ५५ निघालं, म्हणजे पंखा नाहक गुदमरत होता. ५९ केलं.

रोजची निगा

किनाऱ्यावरून किंवा सड्यावरून आलं की कनेक्टर धुवा. बरेच जण थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल मारतात आणि समाधान मानतात. मीठ त्यात जवळजवळ विरघळत नाही. आधी बॅटरी सुटी करून कनेक्टरच्या पिना इन्व्हर्टरच्या डिस्टिल्ड वॉटरनं ओल्या केलेल्या ब्रशनं धुवा, मीठ त्यात जातं. मग पाणी पळवायला अल्कोहोल. लिपोच्या बाजूला ब्रश किंचित ओलाच हवा, निथळता नाही. वाळल्यावर पिनेवर पेट्रोलियम जेलीचा नखभर पातळ हात. सर्व्होच्या आणि बॅलन्सच्या पिनांनाही हेच करा, तिथे व्होल्ट गळत नाहीत पण एक दिवस सर्व्हो थरथरायला लागतो.

विमान मोठं, डब्यात मावत नाही, पण ईएससीचं टोक मावतं. मी कनेक्टरवर छोटी झिप पिशवी रबरानं बांधतो, आत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे होतात. स्वयंपाकाचा तवा नको, वेगळा ठेवा. बॅटऱ्या ३.८ व्होल्टला आणून घट्ट झाकणाच्या डब्यात.

कट-ऑफची सेटिंग मी आता "सॉफ्ट" केली आहे, म्हणजे मोटर तोडण्याऐवजी ताकद कमी करतो. पुन्हा कधी बिघाड आलाच तर घरी परतण्याइतकी हवा मिळेल. आणि पंखा थांबलाच तर नाक लगेच खाली, वेग सांभाळा, मागे वळायच्या मोहात पडू नका, समोर जिथे जागा दिसेल तिथे सरळ उतरा. माझं करवंदीत गेलं ते वळायला गेलो म्हणून.

उडवायच्या जागेबद्दल दोन शब्द. अकराच्या पुढे खारे वारे जोर धरतात आणि सड्याच्या कड्याशी हवा उलटीपालटी होते, तिथून लांब उतरा. आपल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीतही आहेत. गवतात पटकन दिसत नाहीत. आधी चालून बघा, त्यांच्यावर विमान घसरवू नका, गाडी तर नाहीच नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ग्रीन झोनमध्ये ४०० फूट, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट ही मर्यादा आहे. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे, तेव्हा जागा ठरवण्याआधी नकाशात झोन बघूनच घ्या.

दर दहा उड्डाणांनी मी माडाला विमान बांधून तेच दोन आकडे वहीत लिहितो. दहाव्या उड्डाणानंतर मायनस १४ होता, विसाव्यानंतर १९. तिशीला पोचला की कनेक्टर बदलायचा, बिघाडाची वाट न बघता. नवी जोडी आणून ठेवली आहे.